दहाच का भरतात? सांगोल्याच्या आबांचा निवडणूक-तक्ता करताना

सांगोल्यात 'अकरा' हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा, अकरा वेळा आमदार झाले. एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून, शेतकरी कामगार पक्षाकडून. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर हे वाक्य इतकं घोटून झालंय की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही.

२०२४ ला आबांचे नातू निवडून आले, त्या निकालानंतर जुन्या आठवणी परत निघाल्या आणि आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं की आतल्या भिंतीवर आबांच्या सगळ्या निवडणुकांचा मोठा तक्ता लावायचा. साल, निकाल, समोर कोण, राज्यात त्या वेळी काय वारं होतं, एवढं त्यात हवं. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे काम कुणाकडे जाणार यावर फार चर्चा झाली नाही. "सर, तुमाला काय, दोन तासाचं काम हाय," अध्यक्ष म्हणाले. ते स्वतः कधी तक्ता करायला बसलेले नाहीत.

पहिल्यांदा निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल काढले. प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा एक अहवाल असतो आणि तो आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतो. आत मतदारसंघवार उमेदवारांची नावं, पक्ष, मतं, टक्के, सगळं असतं. मात्र शोधताना सवय लागते. अहवाल इंग्रजीत, जुन्या अहवालांत आपला मतदारसंघ 'सांगोले' असा लिहिलेला, आणि मतदारसंघांचा क्रमांक दर फेररचनेत बदललेला. आज सांगोला म्हणजे २५३ क्रमांक हे आम्हाला पाठ आहे, पण तो २००८ च्या फेररचनेनंतरचा. १९६२ चा अहवाल उघडून २५३ वर गेलात तर भलत्याच गावात उतराल, कारण तेव्हा अख्ख्या राज्यात जागाच २६४ होत्या. १९६७ ला त्या २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८. म्हणून मी क्रमांकाचा नाद सोडला आणि सोलापूर जिल्ह्याची नावं जिथे सुरू होतात तिथून एकेक ओळ खाली सरकत गेलो.

एकेक साल वहीत उतरवलं. १९६२ विजय, १९६७ विजय, १९७२ पराभव. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे सलग चार विजय. १९९५ पराभव. पुढे १९९९, २००४, २००९, २०१४ असे पुन्हा सलग चार. २०१९ ला वयामुळे आबा उभेच राहिले नाहीत.

बेरीज केली तर बारा निवडणुका, त्यांत दोन पराभव. म्हणजे विजय दहा.

वही बंद करून परत उघडली, तरी दहाच. एखादी सार्वत्रिक निवडणूक सुटली असेल म्हणावं, तर राज्य झाल्यापासूनच्या निवडणुकांची यादी मला वर्गात दरवर्षी सांगावी लागते. त्यातली एकही गळालेली नव्हती. म्हणजे सांगोला तालुक्यातल्या लहानथोरांना पाठ असलेला आकडा आयोगाच्या कागदांतून निघत नव्हता.

उत्तर कागदांच्या आधी माणसाकडून मिळालं. आमच्या वाचनालयात रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला एक तात्या येतात. ऐंशी पार केलेले, जन्मभर लाल बावट्याचे. त्यांच्यापुढे वही धरली. चष्मा वर सरकवून त्यांनी सालं वाचली आणि म्हणाले, "आन् चौऱ्याहत्तर कुठंय?"

"तात्या, चौऱ्याहत्तरला निवडणूक नव्हती. बहात्तरला झाली, मग अठ्ठ्याहत्तरला."

"आरं सर, पोटनिवडणूक न्हवती का झाली! बहात्तरला काकासाहेब साळुंखे निवडून आलं काँग्रेसकडनं. मधीच जागा मोकळी झाली, आन् आबा परत उभं ऱ्हायलं. त्या टायमाला मी सायकलीवर चिठ्ठ्या वाटल्यात, मला सांगताय व्हय?"

गोम तिथेच होती. आयोगाचा अहवाल हा सार्वत्रिक निवडणुकीचा असतो. त्या निकालानंतर मध्येच जागा रिकामी होऊन जी पोटनिवडणूक होते, ती त्या अहवालात येत नाही आणि पुढच्या अहवालातही येत नाही. दोन अहवालांच्या मधल्या फटीत ती पडून राहते. पोटनिवडणुकांच्या याद्या वेगळ्या असतात आणि त्या बघायच्या हे आधी माहीत असावं लागतं. विधिमंडळाकडून सदस्यांचा परिचय देणारी पुस्तकं निघतात; त्यांत आमदार कोणत्या कोणत्या काळात सदस्य होता हे ओळीने दिलेलं असतं. अशा कामासाठी मला तो कागद आयोगाच्या अहवालापेक्षा उपयोगी वाटतो, कारण तिथे निवडणूक मोजलेली नसते, सदस्य म्हणून काढलेला काळ मोजलेला असतो. ज्या कुणाला आपल्या भागातल्या जुन्या आमदाराचा असा आलेख करायचा असेल त्याने सुरुवात तिथून करावी आणि मतांसाठी मग आयोगाकडे जावं. उलट क्रमाने गेलं की एखादी पोटनिवडणूक हमखास गळते.

तर तेरा वेळा उभे राहिले, अकरा वेळा जिंकले, दोनदा हरले. तक्त्याच्या तेरा ओळी पक्क्या झाल्या.

त्यानंतर वर्षांचा घोळ निघाला. आबा गेले ३० जुलै २०२१ ला. त्या वेळच्या मृत्युलेखांत आणि नंतरच्या भाषणांत कुठे ५४ वर्षं आमदार, कुठे ५५ वर्षं आमदार असं आलंय. वाचनालयाच्या एका सभासदाने तर तक्त्याच्या मथळ्यातच '५५ वर्षे' घालायचा आग्रह धरला. मी खडू घेऊन फळ्यावर मांडून दाखवलं. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षं. १९७४ ते १९९५ ही साधारण एकवीस. १९९९ ते २०१९ ही वीस. बेरीज एक्कावन्नच्या आसपास. पंचावन्न आलं कुठून? माझा अंदाज असा की कुणीतरी अकराला पाचाने गुणलं. पण आमदारकी दर वेळी पाच वर्षांची मिळतेच असं नाही. १९७४ चा विजय उरलेल्या मुदतीपुरता होता, आणि ती मुदतसुद्धा आणीबाणीच्या काळात लांबली, म्हणून निवडणूक १९७७ ऐवजी १९७८ च्या फेब्रुवारीत झाली. १९७८ ची विधानसभा तर दोनच वर्षं टिकली. शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं आणि विधानसभाही गेली. त्या सरकारात आबा मंत्री होते, म्हणजे आमदारकी आणि मंत्रिपद दोन्ही एकदमच संपलं. १९९५ ची विधानसभाही मुदतीच्या आधी विसर्जित झाली, पण तिच्यात आबा नव्हते. उलट त्यामुळे त्यांचं पुनरागमन सहा महिने अलीकडे आलं.

एक्कावन्न वर्षं काय कमी आहेत का? तरी सभासद नाराज झाले. पंचावन्न म्हणायला चांगलं वाटतं, हे त्यांचं म्हणणं मला पटलंही, पण भिंतीवर ते आलं नाही.

तसंच 'देशातला विक्रम' या शब्दांचं. सुरुवातीच्या मसुद्यात कुणीतरी ते घातले होते. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि एकदाही हरले नाहीत. मात्र त्यांनी मतदारसंघ बदलले, कुळितलैपासून तिरुवारूरपर्यंत. केरळात के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. त्यातली १९६५ ची विधानसभा भरलीच नाही, ती सोडली तरी बारा उरतात. म्हणून देश काढून टाकला आणि 'महाराष्ट्र' लिहिलं. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून, मध्ये दोनदा पडून परत उठून अकरा, हे मला न हरता केलेल्या तेरांपेक्षा जास्त कुतूहलाचं वाटतं. आता मी सांगोल्याचा, त्यामुळे माझ्या या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या रकान्यात रमलो तो सुरुवातीला ठरलेलाच नव्हता. राज्यातलं चित्र लिहायचं म्हणून मी दर निवडणुकीला शेकापच्या एकूण किती जागा आल्या ते लिहीत गेलो. १९६२: पंधरा. १९६७: एकोणीस. १९७२: सात. १९७८: तेरा. १९८०: नऊ. १९८५: तेरा. १९९०: आठ. १९९५: सहा. १९९९: पाच. २००४: दोन. २००९: चार. २०१४: तीन. हा रकाना भरून झाल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. पक्ष उतरंडीला लागलेला, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात सांगोला: विजय, विजय, विजय, विजय. २००४ ला पक्षाच्या दोन जागा आल्या, त्यातली एक आमची. २०१४ ला तीन आल्या: अलिबाग, पेण आणि सांगोला. रायगडच्या दोन, आणि तिथून कितीतरी लांब, दुष्काळी माणदेशात एकटी एक. पक्षाच्या लाटेवर निवडून आले म्हणावं तर लाट कुठे होती?

त्यातही दोन पराभव शेजारी ठेवून पाहिले तेव्हा गंमत वाटली. १९७२ ला बांगलादेश युद्धानंतरचं इंदिरा गांधींचं वारं होतं. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या आणि शेकाप एकोणिसांवरून सातांवर आला. त्या वर्षी पडणं समजण्यासारखं आहे, भलेभले पडले. १९९५ ला मात्र उलटं. राज्यात काँग्रेस १४१ वरून ८० वर आली आणि शिवसेना-भाजपचं सरकार पहिल्यांदा बसलं. म्हणजे राज्यभर काँग्रेस आपटत असताना सांगोल्यात काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील निवडून आले. फरक १९२ मतांचा. राज्यातल्या वाऱ्यावर सांगोल्याचा निकाल वाचता येत नाही, हे जिंकलेल्या वर्षांइतकंच या हरलेल्या वर्षातही दिसतं.

शहाजीबापूंना बाहेरचे लोक २०२२ च्या गुवाहाटीवाल्या 'काय झाडी, काय डोंगार'मुळे ओळखतात. आमच्याकडे त्यांची ओळख आबांचे कायमचे प्रतिस्पर्धी ही आहे. १९९५ नंतर ते परत परत उभे राहिले आणि परत परत हरले. दुसऱ्यांदा आमदार झाले ते थेट २०१९ ला, चोवीस वर्षांनी, आबा मैदानात नसताना. ही चिकाटीसुद्धा तक्त्यात यायला हवी असं माझं मत होतं, म्हणून 'समोर कोण' हा रकाना मी मोठा ठेवला. एका माणसाची कारकीर्द लिहायची तर समोर कोण कोण उभं राहिलं ते गाळून चालत नाही.

मध्येच एक फाटा फुटला तो नियमांचा. तेरा निवडणुका एकाच माणसाने लढवल्या, पण कायदा दर थोड्या वर्षांनी वेगळा. आबांनी पहिला अर्ज भरला तेव्हा विधानसभेसाठी अनामत रक्कम होती २५० रुपये. १९९६ च्या दुरुस्तीने ती ५,००० झाली, आणि शेवटचा अर्ज भरताना १०,०००. १९८५ पर्यंत त्यांना मत द्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागत; १९९० ला अठरा वर्षांची पोरं पहिल्यांदा रांगेत आली. सुरुवातीला मतपत्रिका आणि शिक्का, शेवटी यंत्र. शेवटच्या निवडणुकीत यादीच्या तळाला 'वरीलपैकी कोणी नाही' हेही एक बटण. मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र तर २००३ पासून आलं, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. त्यामुळे आयोगाच्या संकेतस्थळावर शोधणाऱ्याला आबांची प्रतिज्ञापत्रं शेवटच्या निवडणुकांचीच मिळणार. आधी ती मागितलीच जात नव्हती. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना २५० रुपयांचं सोडून बाकी कशाचं काही वाटलं नाही. "सर, अडीचशात आमदार?" एवढंच. अनामत म्हणजे आमदारकीची किंमत नव्हे, हे समजावण्यात तास संपला.

आता नमुना २०. ज्याला निवडणुकीच्या आतलं बघायचंय त्याने हा कागद पाहावा. अंतिम निकालपत्रक म्हणतात त्याला. प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते त्यात ओळीने असतं, आणि अलीकडच्या निवडणुकांची ही पत्रकं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहेत. मात्र त्यात गावाचं नाव नसतं, केंद्राचा क्रमांक असतो. गाव कळायचं तर मतदान केंद्रांची यादी शेजारी घेऊन बसावं लागतं. आणि केंद्रांचे क्रमांक निवडणुकीगणिक हलतात. एका गावात एक केंद्र वाढलं की त्याच्या पुढची सगळी पुढे सरकतात. २०१४ आणि २०१९ ची पत्रकं जोडून बघायची असतील तर क्रमांकाला क्रमांक लावून भागत नाही, गावाला गाव लावावं लागतं. शिवाय २००८ नंतर पंढरपूर तालुक्यातला भाळवणीकडचा भाग आमच्या मतदारसंघात आलाय, त्यामुळे त्याआधीच्या सांगोल्याशी आजच्या सांगोल्याची थेट तुलना तशीही लंगडीच.

तरी मी बसलो. घरात जेवायच्या टेबलावर कागद पसरले, बायकोने दोनदा विचारलं की निवडणुकीला उभं राहायचा विचार आहे का.

२०१४ ला चौरंगी लढतींचा काळ. दोन्ही आघाड्या फुटलेल्या, भाजप १२२ वर गेलेला. नव्वदीच्या उंबरठ्यावरचे आबा पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापूंना, तेव्हा शिवसेनेकडून, ९९,४६४ मतं आणि अनिकेत यांना ९८,६९६. फरक ७६८. दोघांची मिळून जवळजवळ दोन लाख मतं; एवढी केंद्रं पाहता केंद्रामागे तीन मतांचाही फरक पडत नाही. अशा निकालात कुठल्याही एका गावाकडे बोट दाखवता येत नाही, कारण कुठलंही गाव कारण ठरू शकतं. नमुना २० वाचायला लागल्यापासून 'अमुक गावानं पाडलं' हे वाक्य मी म्हणत नाही. बाकीचे म्हणतात. आणि २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख साधारण पंचवीस हजारांच्या फरकाने जिंकले. त्या निवडणुकीत राज्यात शेकापची तेवढी एकच जागा आली.

तक्ता तयार झाल्यावर मंडळाची बैठक झाली. तिथे खरी वादावादी. दोघांचं म्हणणं, पराभवाची सालं भिंतीवर कशाला? अकरा विजय मोठ्या अक्षरात लिहा आणि मोकळे व्हा. तिसऱ्याचं म्हणणं, नातवंडांचं २०१९ आणि २०२४ तरी घाला. मी म्हटलं, तक्ता आबांचा आहे, नातवंडांचा वेगळा करू; आणि १९७२ काढलं तर १९७४ ला अर्थच राहत नाही, १९९५ काढलं तर १९९९ चं काय सांगणार? सत्तरीला टेकलेला माणूस १९२ मतांनी पडतो, पुढच्या निवडणुकीला परत उभा राहतो, जिंकतो, मंत्री होतो आणि त्यानंतर अजून तीनदा निवडून येतो. हे विजयांच्या यादीत दिसत नाही. तात्या कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या दोनी. पडल्यावर बी आबा दुसऱ्या दिवशी एसटीनंच फिरत हुते, तसंच लिवा." एसटीचं लिहायला रकाना नव्हता, पण दोन्ही सालं राहिली.

सध्या तक्ता लागलाय. १९९५ च्या ओळीपाशी लोक सगळ्यात जास्त थांबतात. त्या सालचं केंद्रवार पत्रक माझ्याकडे नाही, त्यामुळे तिथे प्रत्येकाला मोकळं रान मिळतं. प्रत्येकाच्या गावानं आबांना भरघोस लीड दिलेलं असतं आणि ती १९२ मतं कायम शेजारच्या गावात कमी पडलेली असतात. परवा दोघे जण यावरून इतके पेटले की ग्रंथपालांनी त्यांना बाहेर जाऊन भांडायला सांगितलं. ते समोरच्या टपरीवर गेले, आणि थोड्या वेळाने त्यातला एक परत आत येऊन मला विचारतो, "सर, ते केंद्रवार कागद म्हणताय, ते पंच्याण्णवचं कुठं मिळंल?"